आफ्रिका साहेब आणि अर्धा कोयता

साखर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला तऱ्हेवाईक माणसांचं अप्रूप राहत नाही. आमच्याकडे एक केमिस्ट होते, ते जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायले. टाइम ऑफिसातले एक गृहस्थ कारखान्याचा भोंगा झाला की स्वतःचं घड्याळ बघून "आज भोंगा चुकला" असं जाहीर करत. पण या सगळ्यांना पुरून उरले ते आमचे शेतकी अधिकारी. त्यांचं खरं नाव त्यांच्या केबिनच्या पाटीवर होतं, आणि ते तेवढ्या पाटीवरच राहिलं. माजलगाव धरणाच्या कालव्यावर जेवढी म्हणून उसाची गावं होती, तिथं त्यांना सगळे आफ्रिका साहेब म्हणत.

मी त्यांच्या हाताखाली शेतकी मदतनीस होतो. म्हणजे मोटारसायकल ते चालवायचे, मागे मी बसायचो, आणि माझ्या मांडीवर त्यांचा टॉवेलात गुंडाळलेला टेपरेकॉर्डर असायचा. उसाची पाहणी करायला निघालेलं हे ध्यान पाहून पोरं रस्त्यानं मागे पळत. साहेब अंगानं काटकुळे, कपडे खाकी, आणि डोक्यावर लाल, पिवळ्या, हिरव्या पट्ट्यांची विणलेली लोकरी टोपी. ही टोपी ते ऐन उन्हाळ्यातही काढत नसत.

"साहेब, डोकं शिजेल," मी एकदा न राहवून म्हणालो.

"शिजू दे. कच्चं ठेवून तरी काय मोठा उपयोग झालाय?"

ही टोपी जमैकाची. कारखान्याचे चांगले दिवस होते तेव्हा संचालक मंडळाचा परदेशात अभ्यासदौरा निघाला, आणि निदान एकानं तरी अभ्यास करावा म्हणून साहेबांना सोबत घेतलं. आधी ब्राझील, मग जमैका, आणि येताना न्यूयॉर्क, कारण एका संचालकाचा मेहुणा तिथं राहत होता. संचालक ब्लँकेटं आणि कॅमेरे घेऊन परतले. साहेब पिशवीभर कॅसेटी घेऊन आले.

वार्षिक सर्वसाधारण सभेत चेअरमननी त्यांना उभं केलं. सभासद सरसावून बसले. परदेशातून उसाचं नवं वाण आलं असणार, अशी सगळ्यांची खात्री होती.

"मंडळी," साहेब म्हणाले, "ऊस गोड असतो हे मला सांगू नका. त्या बेटांवर ऊस लावायला आणि तोडायला आफ्रिकेतून माणसं साखळदंडात बांधून नेली. जहाजाच्या पोटात कोंबून. त्यांची नावं काढून घेतली, भाषा काढून घेतली. ढोल वाजवला तर शिक्षा. मालकाला वाटायचं, ढोलावरून उसाच्या एका फडातून दुसऱ्या फडात निरोप जातोय."

"जात व्हता का पन?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"जातच होता की!" साहेब खूश होऊन म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "सायेब, त्या उसाला साखरेचा उतारा काय पडतो ते सांगा."

"उताऱ्याचं राहू द्या. ढोल गेल्यावर त्या माणसांनी काय केलं ते विचारा."

ते कुणीच विचारलं नाही, म्हणून त्यांनीच सांगितलं. माणसांनी मांड्या वाजवल्या, बांबू आपटले, पत्र्याचे डबे बडवले. फडात एकजण हाक द्यायचा आणि बाकीचे त्याला ओ द्यायचे. "ती हाक आणि ती ओ आज न्यूयॉर्कच्या गल्लीत वाजतेय. तिला हिपहॉप म्हणतात. ऐका," असं म्हणून त्यांनी टेपरेकॉर्डर माईकपुढे धरला आणि कळ दाबली. साखरेच्या गोदामावरची कबुतरं एकदम उडाली. स्पीकर जळाला असं समजून माईकवाल्यानं धावत येऊन वायर उपटली.

सभा शांत झाल्यावर चेअरमन समजुतीनं म्हणाले, "साहेब, पुढच्या दौऱ्यात बेणं आणा. गाणं हितं लई हाय."

"मी दुसरं काय म्हणतोय?" साहेब म्हणाले आणि खाली बसले.

त्या सभेपासून ते आफ्रिका साहेब झाले, आणि माझी सुटका नव्हती. कालव्याच्या पुलावर, चहाच्या टपरीवर, शेतकऱ्याच्या बांधावर, जिथं मोटारसायकल थांबे तिथं टॉवेल उघडायचा आणि शिकवणी सुरू व्हायची. मला सुरुवातीला त्या कॅसेटींतलं एक अक्षर कळायचं नाही. धाड धाड ठेका आणि त्यावर एक माणूस तावातावानं बोलतोय, एवढंच.

"साहेब, हा गातोय का भांडतोय?"

"दोन्ही. आपले कलगीवाले आणि तुरेवाले काय करायचे? डफावर थाप मारून समोरच्याला शब्दात पकडायचे. ज्याला उत्तर सुचलं नाही तो हरला. मारामारी न करता जिंकायची ती रीत आहे."

मग ते पश्चिम आफ्रिकेत शिरायचे. तिथं घराणीच्या घराणी असतात, त्यांना ग्रिओ म्हणतात, राजांच्या पिढ्यान् पिढ्या त्यांना पाठ असतात, भोपळ्याच्या तुंब्याला तारा लावून ते त्या म्हणून दाखवतात.

"म्हणजे आपला भाट," मी म्हणायचो.

"तोच. गोड बोलला तर राजा मोठा, वाकडं बोलला तर राजाची अब्रू गेली. आणि ऐक, अशा माणसाला ते लोक लग्नात पुढं बोलवायचे आणि बसवताना मात्र लांब बसवायचे."

आमच्या गावात हलगीवाल्याचं असंच होतं आणि ते मला लहानपणापासून ठाऊक होतं. एकदा आम्ही लिंबागणेशला दर्शनाला गेलो, तर साहेब देवळात आलेच नाहीत. बाहेर एक हलगीवाला काटक्यांच्या जाळावर हलगी शेकत बसला होता, त्याच्याशेजारी हेही उकिडवे बसले. मी प्रसाद घेऊन बाहेर आलो तोवर त्या दोघांनी एकमेकांच्या बिड्या ओढल्याही होत्या. "आफ्रिकेतही चामडं असंच शेकतात," साहेबांनी मला सांगितलं. हलगीवाला म्हणाला, "शेकल्याबिगर बोलनारच न्हाई ना ते. तिकडचं बी अन् हितलं बी."

गंमत अशी की या माणसाला स्वतःला तालाचं अंग अजिबात नव्हतं. कॉलनीतल्या भजनी मंडळानं एका एकादशीला त्यांच्या हातातून टाळ काढून घेतले ते पुन्हा कधी दिले नाहीत. साहेबांना त्याचं वाईट वाटलं नाही. "मला ऐकता येतं, वाजवता येत नाही. ऐकणारा नसेल तर वाजवणारा काय भिंतीपुढं वाजवणार?" असं ते म्हणायचे.

तालुक्यानं त्यांना आपलं म्हटलं ते मात्र एका चहाच्या टपरीवर. ते मला जमैकाच्या गल्ल्यांचं सांगत होते. तिथल्या गरिबाला बँडबाजा परवडायचा नाही. मग एकानं ट्रकवर कपाटाएवढे स्पीकर चढवले, रेकॉर्ड लावली, आणि तिच्यावर माईकवरून स्वतःचं बोलणं सुरू केलं. समोरच्या चौकात दुसऱ्यानं त्याच्याहून मोठे स्पीकर आणले. टपरीवाला म्हणाला, "गनपतीची मिरवनूकच झाली की." पुढं त्या बेटांवरची माणसं पोट भरायला न्यूयॉर्कला गेली. तिथल्या ब्रॉन्क्स नावाच्या भागात कापूस वेचणाऱ्या काळ्या लोकांची लेकरंनातवंडं आधीच येऊन राहिली होती.

"एकीकडून ऊस तोडणारे, दुसरीकडून कापूस वेचणारे," साहेब टेबलावर हात आपटत म्हणाले. "अरे, हा बीड जिल्हाच झाला! आणि त्या पोरांकडं हॉल नाही, पैसा नाही. मग मैदानात स्पीकर मांडायचे आणि रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून वीज घ्यायची. तिथल्या एका म्हाताऱ्यानं मला तो खांब दाखवला."

बाकावर बसलेल्या एका शेतकऱ्यानं कप खाली ठेवला.

"खांबावरनं? म्हंजी आकडा टाकून?"

"आकडाच."

"मंग आपलीच मानसं की, सायेब!"

त्या दिवशी चहाचे पैसे आमच्याकडून कुणी घेतले नाहीत.

आणि मग तो दुष्काळ आला. धरण आटत आटत इतकं खाली गेलं की पाण्याखाली गेलेल्या गावांच्या जुन्या गाडीवाटा उघड्या पडल्या. कालवा बंद. निम्मा ऊस जनावरांना चारा म्हणून छावणीला गेला आणि उरलेला उभ्याउभ्या वाळायला लागला. होता तेवढा लवकर गाळून घ्यायचा आणि गाळप बंद करायचं, असं कारखान्यानं ठरवलं. फड थोडे, आणि धारूर, पाटोद्याच्या डोंगरातून उतरलेल्या तोडणीच्या टोळ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त, कारण गावात राहून करायचं काय, हा प्रश्न घरोघर होता.

साहेबांना त्या वर्षी एका वेगळ्याच गोष्टीनं पछाडलं. टोळ्या मुकाट्यानं ऊस तोडत होत्या. पूर्वी फडात भलरी चालायची, एकजण म्हणायचा आणि बाकीचे साथ द्यायचे. आता नुसते कोयत्यांचे आवाज.

"हाक मेली रे," ते मला म्हणाले. "पाऊस पुढच्या वर्षी येईल. ही गेली तर येणार नाही."

यावर त्यांनी काढलेला उपाय मला मान्य नव्हता, पण मला विचारतो कोण? त्यांनी कारखान्याच्या जीपवर निवडणुकीच्या प्रचाराचा कर्णा बांधला, त्याला टेपरेकॉर्डर जोडला, आणि दुपारी फडाच्या कडेनं न्यूयॉर्क वाजवत निघाले. मी शेजारी मान खाली घालून बसलो होतो. आम्ही दोघंही एक साधी गोष्ट विसरलो. त्या वर्षी कर्णा बांधलेली जीप म्हणजे टँकर आल्याची वर्दी. तिचा एकच अर्थ सगळ्या तालुक्याला पाठ झाला होता.

कर्ण्याचा आवाज कानावर गेला मात्र, फडातून बायामाणसं कोयते टाकून सुटली. कोप्यांतून, त्या पाचटाच्या झोपड्यांतून, हंडे, घागरी, कॅन, डबे, मिळेल ते उचलून जीपच्या मागे पळत आली. आम्ही थांबलो तेव्हा मागे घागरींची लांबलचक रांग लागली होती आणि वर कर्ण्यातून तो ब्रॉन्क्सचा गडी जीव तोडून बोलत होता.

"पानी कुठंय?" एका बाईनं विचारलं.

"पाणी नाही हो," साहेब म्हणाले. "गाणं आहे."

मला जीपच्या खाली शिरावंसं वाटलं. आता दगड येणार, या तयारीनं मी बसलो. तेवढ्यात रांगेतली एक उंच, काळीसावळी बाई पुढं आली. तिनं रिकामी घागर काखेत घेतली, तिच्यावर बोटांची पेरं हाणली आणि साहेबांच्या तोंडासमोर उभी राहून ठेक्यात झाडायला सुरुवात केली.

"पानी न्हाई तं भोंगा कावून?
आमी आलो कोयता टाकून!
उसात उभी, घशाला कोरड,
सायबाला सुचती गान्याची ओरड!"

मागच्या बाया हसल्या आणि एका आवाजात म्हणाल्या, "हां गं हां!" तिला जोर चढला.

"साखर खाईल मुंबैवाला,
पाचट टोचतं आमच्या गाला!"

"हां गं हां!"

साहेबांनी टेप बंद केला. त्यांचे डोळे असे चमकत होते की ही बाई आपल्याला शिव्या देतेय हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. ते जीपमधून उतरले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, परत म्हणा."

"कावून? दुसऱ्यांदा शिव्या खायची हौस हाय का?"

तिचं नाव भामाबाई. साहेबांनी त्याच पावली जीप कारखान्यावर पिटाळली आणि कॉलनीच्या टाकीत उतरायचा टँकर फडावर मागवून घेतला. संध्याकाळी कॉलनीत आंघोळीला पाणी नव्हतं आणि आमच्या घरी माझा जो उद्धार झाला तो ठेक्यात नव्हता एवढंच.

घागरी भरत असताना भामाबाईची हकीकत कळली. ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यानं तोडायचं, तिनं पाचट साळून मोळी बांधायची, त्यानं ती तिच्या डोक्यावर द्यायची. ज्याला जोडीदार नाही तो अर्धा कोयता, त्याला आगाऊ पैसेही अर्धेच. भामाबाईचा नवरा दोन पावसाळ्यांमागे साप चावून गेला, तेव्हापासून ती अर्धी झाली होती. त्या टोळीत अशा आणखी दोघी होत्या. तिघी एकमेकींच्या डोक्यावर मोळ्या देत आणि दिवस ढकलत.

आता फड कमी झाल्यावर टोळीचा मुकादम अर्धे कोयते घरी पाठवणार होता. भामाबाईचं गाव धारूरच्या पलीकडं. विहीर कोरडी, घराला कुलूप, एकुलती म्हैस छावणीत आणि म्हशीसोबत सासू.

"म्हशीला तरी सरकार वैरन घालतंय," भामाबाई म्हणाली. "मी गेले तर मला कोन घालनार?"

ती हे रडत म्हणाली नाही. तोंडावर पाणी मारत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच साहेब मला घेऊन मुकादमाच्या कोपीसमोर हजर झाले. मुकादम वाईट माणूस नव्हता. दोन्हीकडून पिळला जाणारा माणूस जेवढा कडक होतो तेवढा होता.

"मुकादम, त्या बाईला पाठवू नका. ती गाते."

"सायेब, मला तोडनारी पायजे. गानारी घिऊन काय करू?"

"जमैकात खोदाईच्या टोळीत एक माणूस निव्वळ गाण्यासाठी असायचा. बाकीच्यांनी कुदळ मारायची, यानं हाक द्यायची. त्याच्या हाकेवर टोळी दमायची नाही."

मुकादमानं आपल्या गड्याकडं बघितलं. "ऐकलं का बे? तिकडं बसून खायचं काम बी निघतंय."

"मी बसून न्हाई खानार," कोपीमागून भामाबाईचा आवाज आला. "तोडीन बी अन् म्हनीन बी."

साहेबांनी तिथंच पैज लावली. कालव्याकडेला एका मोठ्या फडात दोन टोळ्या आमनेसामने तोडत होत्या, एक याची आणि एक पाटोद्याकडच्या दुसऱ्या मुकादमाची. ती दुसरी टोळी गाडी भरण्यात साऱ्या तालुक्यात चलाख. दोन्ही ट्रक एकदम लागतील, भामाबाई हाक देईल, आणि या टोळीचा ट्रक आधी भरला तर भामाबाई अख्खा कोयता. नाही भरला तर साहेबांचा टेपरेकॉर्डर, कॅसेटींसकट, मुकादमाचा.

"कॅसेटी नको," मुकादम म्हणाला. "आमच्या कोंबड्या अंडी देयच्या बंद व्हतील."

दुपार कलल्यावर ट्रक लागले. मी खूप भरण्या पाहिल्या होत्या, पण अशी पैजेची पहिलीच. ट्रकला तिरकी फळी लावतात. बाई डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढते आणि वर उभा असलेला माणूस मोळी घेऊन रचतो. फळी लवते, पाय घसरतात, पाचट अंगाला टोचतं. साहेबांनी वर रचायला भामाबाईला उभं केलं. मुकादमानं कपाळाला हात लावला, कारण ते काम नेहमी गडी करत.

सुरुवातीला काहीच जमेना. भामाबाई हाक देई ती लवकर आणि खालच्या बायांचा पाय पडे उशिरा. समोरचा ट्रक भराभर वर चढत होता. पाटोद्याचे गडी आमच्याकडं बघून हसायला लागले. साहेब फडाच्या कडेला येरझाऱ्या घालत होते. मग भामाबाई थांबली, तिनं खाली नीट पाहिलं, आणि फळीवरच्या पावलांना धरून हळू सुरुवात केली.

"मोळी उचला..."
"हां गं हां!"
"फळीला चढा..."
"हां गं हां!"
"आभाळ आलं, वाकून गेलं,"
"हां गं हां!"
"आमच्या वावरात न्हाई उतरलं,"
"हां गं हां!"

आता 'हां' म्हणताना मोळी डोक्यावर जात होती, दुसऱ्या 'हां'ला फळीवर पाय पडत होता. कुणी कुणाला खोळंबवत नव्हतं. तीच माणसं, तोच ऊस, पण सगळ्यांचे हातपाय जणू एकाच माणसाचे झाले. भामाबाईनं मुकादमाच्या मिशीवर एक रचलं, ट्रकच्या ड्रायव्हरवर एक रचलं, माझ्या पोटावर एक रचलं ते मी इथं सांगणार नाही. बाया हसत होत्या आणि हसताना दमत नव्हत्या. आमचा ट्रक समोरच्याच्या बरोबरीला आला.

आणि इथंच घोटाळा झाला. पाटोद्याची टोळी किती वेळ कान बंद ठेवणार? आधी त्यांच्यातली एक म्हातारी 'हां' म्हणाली. मग तिची सून. बघता बघता त्यांची अख्खी टोळी आमच्या भामाबाईला ओ द्यायला लागली, आणि तिच्याच हाकेवर आपला ट्रक भरायला लागली! मुकादम ओरडला, "अय, तुमचं तुमी म्हना!" पण हाकेला कुंपण कसं घालणार? फडाच्या दोन्ही अंगांनी एकच आवाज उठत होता. रस्त्यानं जाणारी माणसं सायकली टाकून उभी राहिली. इतकी वर्षं मी त्या कॅसेटींना वैतागत होतो, पण साहेब मला काय ऐकवू पाहत होते ते मला त्या क्षणी कळलं आणि मीही गळा काढून 'हां' म्हणालो.

दोन्ही ट्रकांवर शेवटची मोळी एकदमच पडली. दोरखंड एकदमच आवळले गेले.

मुकादम पुढं आला. "बरोबरीत सुटलं, सायेब. तुमी जिंकले न्हाईत."

"नाही जिंकलो," साहेब म्हणाले. कबूल करणारा माणूस होता तो. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्या हातातला टेपरेकॉर्डर घेतला, टॉवेल सोडला आणि तो मुकादमाच्या पुढं केला.

एवढ्यात पाटोद्याचा मुकादम घाम पुसत तिथं आला. "टेप ठिऊन घ्या तुमी. मला ती बाई द्या. अख्ख्या कोयत्यानं नेतो."

आमचा मुकादम गर्रकन वळला. "कावून? ती माझ्या टोळीतली हाय!"

"काल तं वाटंला लावायलता तिला."

"लावायलतो, आता न्हाई लावत. अख्खा कोयता. बोललो, मोकळा झालो."

"मी बी अख्खाच म्हनतो. वर कोपीला नवी ताडपत्री."

"ताडपत्री मी बी देतो. त्यात काय!"

दोघे हातघाईवर आले. ज्या बाईला काल कुणी ठेवून घेत नव्हतं तिच्यासाठी दोन मुकादम दोन टोळ्यांसमोर भांडत होते. साहेब टेपरेकॉर्डर हातात घेऊन एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होते. शेवटी वरून, उसाच्या ढिगावरून आवाज आला. भामाबाई कमरेवर हात देऊन उभी होती.

"मुकादम दोन, बोल्या दोन,"
"हां गं हां!" दोन्ही टोळ्या म्हणाल्या.
"मला इचारनारा हितं हाय कोन?"
"हां गं हां!"

दोघे मुकादम वर बघायला लागले. भामाबाई साध्या आवाजात बोलली, पण ते शेवटच्या माणसापर्यंत पोचलं.

"मुकादम, मी तुमच्याच टोळीत ऱ्हाते. ताडपत्री बी नको. पन माझ्यासंगं त्या दोघी बी अख्ख्या. त्यांनीच माझ्या डोईवर मोळ्या दिल्यात. त्यांना वाटंला लावून मी कुनाच्या जीवावर हाक देऊ? हाक एकटीची असती, ओ एकटीची न्हाई."

त्या दोघी खाली फळीपाशी उभ्या होत्या, एकीनं दुसरीचा हात घट्ट धरला होता. मुकादमानं त्यांच्याकडं पाहिलं, भरलेल्या ट्रकाकडं पाहिलं, पाटोद्याच्या मुकादमाच्या तयार चेहऱ्याकडं पाहिलं. मला त्याच्या मनातला हिशेब दिसत होता आणि तो हिशेब तिघींपाशी येऊन अडत होता.

"मुकादम, तिघी अख्ख्या?" भामाबाईनं वरून पुन्हा हाक दिली, या वेळी ठेक्यात.

आणि त्या मिशाळ, घामेजलेल्या, आयुष्यात कधी भलरीलाही तोंड न उघडलेल्या माणसाच्या तोंडून, स्वतःला कळायच्या आत, बरोबर ठेक्यात निघालं,

"हां गं हां!"